व्याख्यानाची गति कोणाच्या हातीं ?

पॅरिस येथील विद्यापीठाच्या कलाशाखेनें इ. स. १३५५ मध्यें एक चमत्कारिक नियम केला. अध्यापकांनीं वर्गांत इतक्या भरभर बोलावें कीं विद्यार्थ्यांच्या बुद्धीस तें आकळावें, परंतु त्यांच्या हातांस तें शब्दशः उतरून घेतां येऊं नये, असा त्या नियमाचा आशय होता. सावकाश सांगून लिहवून घेण्याची जी रीत वर्गांत पडली होती, ती मोडण्याचा हा उपाय होता. विद्यार्थ्यांस तो रुचणार नाहीं हें नियमकर्त्यांस पक्कें ठाऊक असावें. कारण आरडाओरडा करून, हुर्यो उडवून किंवा दगड फेकून जे विरोध करतील त्यांस काय शासन करावें, याचीहि तरतूद त्यांनीं त्यांतच करून ठेविली.

महाविद्यालयीन शिक्षणांत ‘पॉडकास्ट’ नांवाच्या ध्वनिमुद्रित व्याख्यानांचा उपयोग किती व कसा करावा, यावर हल्लीं जी चर्चा चालते, तिच्या मुळाशीं आम्हांस हाच जुना तंटा दिसतो. पॅरिसच्या विद्यार्थ्याचा दगड आणि आजच्या विद्यार्थ्याच्या खिशांतील मोबाइल यांचा काय संबंध, असें वाचक विचारतील. संबंध इतकाच कीं, दोहोंच्या मागें प्रश्न एकच आहे : व्याख्यानाची गति गुरूच्या हातीं असावी, कीं शिष्याच्या ?

ग्रंथाच्या बाबतींत हा प्रश्न कधीं उद्भवला नाहीं. वाचणारा हवा तेथें थांबतो, चार पानें मागें जातो, एकच वाक्य तीनदां वाचतो. ऐकणाऱ्यास ही मोकळीक नसते. उच्चारलेला शब्द हवेंत विरला कीं विरला. आमच्या वेदपाठशाळांनीं या अडचणीवर आवृत्तीचा तोडगा काढला होता. पद, क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या रीतींनीं तोच मंत्र उलटसुलट घोकला जाई, व शब्द विरण्यापूर्वींच तो कंठांत स्थिर होई. परंतु हें सर्व गुरूच्या नजरेखालीं व गुरूच्या तालावर चाले. शिष्यानें आपल्या सवडीनें गुरूचा आवाज पुनः ऐकावा, ही कल्पनाच तेव्हां संभवनीय नव्हती.

ती कल्पना संभवनीय झाली ती १८७७ सालीं, एडिसननें फोनोग्राफ सिद्ध केल्यावर. पुढल्याच वर्षीं, १८७८ मध्यें, त्यानें एका अमेरिकन नियतकालिकांत या यंत्राच्या भावी उपयोगांची यादी दिली. पत्रें सांगणें, अंधांसाठीं पुस्तकें, संगीत इत्यादि उपयोगांबरोबर त्या यादींत शिक्षकानें केलेलें विवेचन जपून ठेवण्याचाहि उल्लेख आहे. विद्यार्थ्यास वाटेल त्या क्षणीं तें पुनः ऐकतां यावें, हा त्याचा हेतु. आज पॉडकास्टची जी थोरवी सांगितली जाते, ती जवळजवळ दीडशें वर्षांपूर्वींच सांगून झालेली होती. यंत्र मात्र त्या स्वप्नास पुरें पडण्यासारखें नव्हतें. कथलाच्या पातळ पत्र्यावर उमटलेला आवाज चार दोन वेळां वाजवितांच झिजून जाई.

पुढें नभोवाणी आली, आणि शिक्षणवेत्त्यांच्या आशा पुनः पालवल्या. बी. बी. सी.नें १९२४ पासून शाळांसाठीं कार्यक्रम सुरू केले. अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें, ज्यांस महाविद्यालयांत जाणें परवडत नव्हतें अशा तरुणांसाठीं, १९३३ मध्यें नभोवाणीवरून ‘कॉलेज ऑफ दि एअर’ चालू झालें. नभोवाणीनें विद्या दूरवर पोहोंचविली खरी, पण वेळेच्या बाबतींत ती पॅरिसच्या अध्यापकाहूनहि कठोर ठरली. व्याख्यान ठरल्या घटकेस सुरू व्हावयाचें, ठरल्या घटकेस संपावयाचें. मध्येंच शंका आली तर ती मनांतच जिरवावयाची. वर्गांत निदान हात वर करण्याची सोय होती, तीहि येथें उरली नाहीं.

ही कोंडी फोडण्याचें श्रेय आमच्या मतें ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठास द्यावें लागेल. १९६९ मध्यें सनद मिळालेल्या या विद्यापीठानें १९७१ पासून अध्यापन सुरू केलें, तें पोस्टानें पाठविलेले पाठ व बी. बी. सी.वरील कार्यक्रम यांच्या आधारें. दिवसभर नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यास कार्यक्रमाची वेळ सांभाळणें जड जाऊं लागलें, तेव्हां विद्यापीठ हळूहळू ध्वनिफितींकडे वळलें. पण तें केवळ तेंच भाषण फितीवर चढवून थांबलें नाहीं. समोर छापील पान किंवा आकृति ठेवून ऐकावयाच्या फिती त्यानें तयार केल्या. अध्यापकाचा आवाज त्या पानावरून विद्यार्थ्याची नजर फिरवी, मग यंत्र बंद करून अमुक उदाहरण स्वतः सोडवा असें सांगे, आणि यंत्र पुनः चालू केल्यावर त्याची फोड करी. कानाबरोबर डोळा व हात हेहि कामास लागले. पॅरिसच्या तंट्याचा हा खरा समेट होता : विवेचन गुरूचें, परंतु गति शिष्याची.

पॉडकास्ट हें या फितीचें वंशज होय. इंटरनेटवरून ध्वनिमुद्रण आपोआप पोहोंचविण्याची युक्ति २००० च्या सुमारास निघाली; ‘आयपॉड’ व ‘ब्रॉडकास्ट’ या शब्दांचा सांधा जोडून बनलेलें हें नांव २००४ च्या फेब्रुवारींत ‘गार्डियन’ पत्रांतील एका लेखांत आलें, व पुढल्याच वर्षीं एका मान्यवर अमेरिकन शब्दकोशानें त्यास वर्षाचा शब्द म्हणून गौरविलें. त्याच २००४ सालीं ड्यूक विद्यापीठानें आपल्या सुमारें १,६५० नवागत विद्यार्थ्यांस एकेक आयपॉड देऊन टाकला. यावर टीका पुष्कळ झाली, व दुसऱ्या वर्षीं ही सरसकट खैरात आवरती घेऊन ज्या अभ्यासक्रमांत यंत्राचा खरोखर उपयोग होता तेवढ्यांपुरतीच ती ठेवण्यांत आली. यंत्र आधीं आणि प्रयोजन मागाहून, हा क्रम शिक्षणांत फार काळ टिकत नाहीं.

मग या साधनानें विद्या वाढते कीं नाहीं ? येथें दोन प्रयोग एकमेकांशेजारीं ठेवण्याजोगे आहेत. २००९ मध्यें मॅक्किनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वर्गांत व्याख्यान ऐकणाऱ्यांस सरासरी शेंकडा ६२, तर तेंच व्याख्यान पॉडकास्टद्वारां ऐकणाऱ्यांस शेंकडा ७१ गुण मिळाले. उलट २०१० मध्यें डॅनियल व वुडी यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकच मजकूर वाचणाऱ्यांनीं शेंकडा ८१ च्या आसपास गुण मिळविले, आणि तो पॉडकास्टवर ऐकणारे ५९ वरच राहिले. वरवर पाहतां हे निष्कर्ष परस्परविरुद्ध वाटतात. तसे ते नाहींत. पहिल्या प्रयोगांत ज्यांनीं ऐकतांना टिपणें काढलीं त्यांचाच लाभ ठळक दिसून आला. म्हणजे गति हातीं आल्यानें लाभ होतो तो तिचा उपयोग करणाऱ्यास. जो थांबत नाहीं, मागें जात नाहीं, लिहीत नाहीं, त्याच्या हातीं ती असून नसल्यासारखीच. पूर्वसूरींनीं श्रवणापुढें मनन आणि निदिध्यासन अशा आणखी दोन पायऱ्या सांगितल्या, त्या उगाच नव्हेत.

आणखी एक गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेनें आपलीं व्याख्यानें अनेक वर्षें जगास मुक्तपणें उपलब्ध करून दिलीं होतीं. बहिऱ्या व्यक्तींच्या वतीनें तक्रार झाली. हीं व्याख्यानें अपंगांस वापरतां येण्याजोगीं नाहींत असें अमेरिकेच्या न्यायखात्यानें २०१६ मध्यें कळविलें. आणि २०१७ मध्यें विद्यापीठानें वीस हजारांहून अधिक ध्वनि-चित्रमुद्रणें सार्वजनिक वापरांतून काढून घेतलीं. तक्रार रास्त होती, परंतु तिचें फळ सर्वांसच कडू लागलें. आवाजाबरोबर त्याची लिखित प्रत आरंभापासूनच ठेविली असती, तर बहिऱ्यासहि विद्या मिळाली असती व इतरांचीहि गेली नसती. उद्यां जें कोणी ध्वनिमुद्रण करील, त्यानें हा धडा लक्षांत ठेवावा.

आमच्या महाराष्ट्रास तर या इतिहासांतून विशेष घेण्यासारखें आहे. दहावीपर्यंत मराठींतून शिकलेला विद्यार्थी जेव्हां विज्ञानाच्या किंवा वाणिज्याच्या इंग्रजी व्याख्यानास प्रथम बसतो, तेव्हां पॅरिसचा तो नियम त्याच्यावर कोणी न लादतांहि लागू होतो : शब्द भरभर जातात आणि हात रिकामा राहतो. फरक इतकाच कीं तो दगड फेकीत नाहीं. मुकाट्यानें मागल्या बाकावर जातो, आणि पुढें पुढें वर्गांत येईनासा होतो. आपण मंदबुद्धि आहों अशी त्याची समजूत होते, आणि दुर्दैवानें ती कांहीं अध्यापकांचीहि होते. अशा विद्यार्थ्यास तेंच विवेचन, तेंहि अवघड जागीं मराठींत फोड केलेलें, एस्. टी.च्या प्रवासांत दुसऱ्यांदा आणि रात्रीं वही पुढें घेऊन तिसऱ्यांदा ऐकावयास मिळालें, तर त्याचा न्यूनगंड पुष्कळ अंशीं दूर होईल असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं भारी यंत्रें नकोत. एका कल्पनेवर दहा बारा मिनिटांचें नेटकें बोलणें, सोबत एक छापील पान, आणि शेवटीं सोडवावयाचा एक प्रश्न, इतकें पुरे.

व्याख्यान मुद्रित झालें कीं वर्ग ओस पडतील, ही भीति आम्हां शिक्षकांपैकीं पुष्कळांस वाटते. परंतु ज्या वर्गांत मुद्रित होऊं शकेल एवढेंच कांहीं घडतें, त्या वर्गानें आधीं आपली चिंता करावी. विद्यार्थ्याचा चेहरा पाहून उदाहरण बदलणें, त्याच्या चुकीच्या उत्तरांतून बरोबर वाट काढणें, हें कोणत्याहि फितीवर चढत नाहीं. जें चढतें तें आम्हीं खुशाल त्याच्या हवालीं करावें, आणि जें चढत नाहीं त्यासाठीं वर्गांतील वेळ राखून ठेवावा.