कोणता उच्चांक मोडेल?

पहाटे येवल्याहून मनमाडच्या रस्त्याला फिरायला निघावे, तर अलीकडे तो रस्ता एकट्याचा राहत नाही. अंकाई-टंकाईचे डोंगर अंधारातून नुकते वर येत असतात आणि सैन्याच्या नाहीतर पोलिसांच्या भरतीची तयारी करणारी मुले जथ्याजथ्याने शेजारून धावत जातात. त्यांचे सारे जग सोळाशे मीटरांचे. ते अंतर साडेपाच मिनिटांत काटले की जन्माचे सार्थक झाले, असा त्यांचा हिशेब. आमच्या गावची पैठणी महिनोन्‌महिने मागावर असते, तेथे कुणी घड्याळ लावून बसत नाही. या मुलांना मात्र एकेक सेकंद सोन्याचा.

त्यांच्यातलाच एक जण परवा दम खात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुम्ही वाचत असता म्हणून विचारतो. आता जगातला धावण्याचा कोणता रेकॉर्ड मोडंल?"

प्रश्न ज्योतिषाला विचारावा तसा होता. मी ज्योतिषी नव्हे, इतिहास शिकवून निवृत्त झालेला मास्तर. तेव्हा मी मागे वळलो. कारण कोणता उच्चांक मोडेल हे सांगता येत नसले, तरी उच्चांक कसे मोडतात हे पुष्कळसे सांगता येते.

या मुलांचे सोळाशे मीटर म्हणजे जवळजवळ एक मैलच. मैलाची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. चार मिनिटांच्या आत मैल धावणे मानवी देहाला अशक्य, असे जग धरून चालले होते. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टरने ते ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावून दाखविले. आणि अवघ्या ४६ दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने त्याच्यावर ताण केली. यावरून 'मनाची भिंत पडली की सारे साधते' असा बोध काढण्याची आपल्याकडे रीत आहे. व्याख्यानाला तो बरा. परंतु आकडे निराळेच बोलतात.

१९३७ साली इंग्लंडच्या सिडनी वूडरसनने मैलाचा उच्चांक ४ मिनिटे ६.४ सेकंदांवर आणला होता. मग महायुद्ध पेटले. तटस्थ स्वीडनमध्ये मात्र गुंडर हॅग आणि आर्ने अँडरसन हे दोघे एकमेकांचा पिच्छा पुरवीत धावत राहिले. आज याने उच्चांक करावा, उद्या त्याने मोडावा! १९४२ ते १९४५ या चार उन्हाळ्यांत या जोडगोळीने मैल ४ मिनिटे १.४ सेकंदांपर्यंत खाली ओढला. पुढे पैसे घेऊन धावल्याच्या आरोपावरून दोघांनाही स्पर्धांतून बाद करण्यात आले आणि तो उच्चांक जवळजवळ नऊ वर्षे जागचा हलला नाही. मनाची भिंत त्या नऊ वर्षांत एकाएकी उंच झाली होती काय? नव्हे. धावणाऱ्याच्या पाठीशी दुसऱ्याची पावले वाजत नव्हती, एवढेच. ती १९५४ साली पुन्हा वाजू लागली. खुद्द बॅनिस्टरला पल्ल्याच्या बहुतेक अंतरावर ब्रॅशर आणि चॅटवे या दोन मित्रांनी वेग धरून दिला होता, हे आपण सांगताना विसरतो.

ही कसोटी हाती घेऊन मी त्या मुलाला माझे अंदाज सांगितले. ८०० मीटरचा १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा उच्चांक केनियाच्या डेव्हिड रुडिशाने २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये केला. तेव्हा तो कोणाच्या आवाक्यातला वाटत नव्हता. परंतु २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या एकाच अंतिम शर्यतीत चौघे जण १ मिनिट ४२ सेकंदांच्या आत आले, आणि त्यांतल्या इमॅन्युएल वान्योन्यीने त्याच महिन्यात १:४१.११ अशी वेळ नोंदविली. पाचवा हिस्सा सेकंद राहिला. हा उच्चांक गर्दीत सापडला आहे, तो जाणार.

स्त्रियांच्या ४०० मीटरचेही तसेच. पूर्व जर्मनीच्या मारिटा कोखने १९८५ साली कॅनबेरा येथे ४७.६० सेकंद नोंदविले. बर्लिनची भिंत पडल्यावर त्या देशाची दप्तरे उघडली आणि तेथे खेळाडूंना सरकारी हुकमाने उत्तेजक औषधे दिली जात, हे जगाला कळले. कोख स्वतः कोणत्याही तपासणीत दोषी ठरलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. काही असो, पुढच्या पिढ्यांना तो आकडा चाळीस वर्षे डोंगरासारखा दिसत राहिला. २०२५ च्या सप्टेंबरात टोकियो येथे अमेरिकेच्या सिडनी मॅकलॉफ्लिन-लेव्हरोनने ४७.७८ सेकंद घेतले आणि मारिलेदी पाउलिनो तिच्या मागोमाग ४७.९८ मध्ये आली. दोघी एकाच शर्यतीत ४८ च्या आत! मला आशा वाटते ती त्या दुसरीमुळे.

याउलट उसेन बोल्टचे २००९ सालचे ९.५८ सेकंद. त्याच्यानंतरची उत्तम वेळ म्हणजे टायसन गे आणि योहान ब्लेक यांचे ९.६९. शंभर मीटरांत अकरा शतांश म्हणजे मोठी दरी, आणि २०२५ चा मोसम संपला तेव्हाही त्या दरीत कोणी उतरलेले नव्हते. फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचे १९८८ चे १०.४९ तर त्याहून अवघड; त्या दिवशी वारा मोजण्याचे यंत्र बरोबर चालले होते की नाही, याविषयीच वाद आहे.

मुलगा म्हणाला, "सर, हे सगळं बाहेरचं झालं. आपलं काय?"

आपले? आपल्याकडे उच्चांक फार टिकतात. मिल्खासिंगांनी १९६० साली रोम येथे ४०० मीटरची जी वेळ दिली, ती मागे टाकायला १९९८ साल उजाडले. श्रीराम सिंगांचा १९७६ सालचा माँट्रियलचा ८०० मीटरचा उच्चांक २०१८ पर्यंत टिकला, म्हणजे ४२ वर्षे. पी. टी. उषाने १९८४ साली लॉस एंजलिस येथे अडथळ्यांच्या ४०० मीटर शर्यतीत ५५.४२ सेकंद घेतले; त्या वेळेशी बरोबरी व्हायला २०२३ यावे लागले. शिवनाथ सिंगांनी १९७८ साली जालंधर येथे २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली आणि २०२३ साल संपले तेव्हाही राष्ट्रीय उच्चांकाच्या रकान्यात तेच नाव होते. आम्ही हे आकडे अभिमानाने सांगतो. मीही वर्गात अभिमानानेच सांगत असे. आता तसे सांगवत नाही. शिवनाथ धावले तेव्हा जगातली उत्तम वेळ डेरेक क्लेटनची, २ तास ८ मिनिटे ३३.६ सेकंदांची होती. अंतर होते साडेतीन मिनिटांचे. २०२३ साली शिकागो येथे केनियाच्या केल्व्हिन किप्टमने २ तास ३५ सेकंद नोंदविले. अंतर साडेअकरा मिनिटांचे झाले. शिवनाथ होते तेथेच होते. त्यांच्यामागून कोणी आले नाही. इतका टिकलेला उच्चांक एका माणसाची थोरवी सांगतो, तसाच मागच्या मोकळ्या रस्त्याचीही साक्ष देतो.

हा रस्ता पहिल्यापासूनच मोकळा. पहिल्या महायुद्धानंतर पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत खेड्यापाड्यांतली माणसे अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या जवळ जातात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्या खटपटीने १९२० साली जे मोजके खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले, त्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांनी एकोणिसावे आले. पहिल्याच खेपेस एकोणिसावे! त्यांच्या पाठोपाठ बेळगाव-कोल्हापूरकडची दहा पोरे तयार झाली असती तर? पण एक माणूस धाडला, त्याचे कौतुक केले, की आपले कर्तव्य संपते.

म्हणून मला अविनाश साबळेची गोष्ट महत्त्वाची वाटते. आमच्या गावावरून नगरकडे जाणारा रस्ता धरावा, नगरहून बीडच्या वाटेला लागावे, की आष्टी तालुका लागतो. त्यातले मांडवा हे त्याचे गाव. मुलूख आमच्यासारखाच, पावसाने पाठ फिरवलेला. हा शेतकऱ्याचा मुलगा सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला आणि मग स्टीपलचेसकडे वळला. ही शर्यत ३००० मीटरांची. वाटेत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. यातला गोपाळ सैनींचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा उच्चांक १९८१ पासून तसाच होता. साबळेने २०१८ साली भुवनेश्वर येथे तो एका सेकंदाने मोडला. तेथेच थांबता तर आपल्या परंपरेला धरून झाले असते. परंतु पुढे तो स्वतःच्याच मागे लागला आणि २०२४ च्या जुलैत पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आला. सहा वर्षांत दहा वेळा उच्चांक! २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाचा किबिवोट त्याच्यापुढे अवघ्या पाच शतांश सेकंदांनी राहिला.

तरीही हिशेब हिशेबाच्या जागी. इथिओपियाच्या लामेचा गिर्माने २०२३ साली या शर्यतीचा जागतिक उच्चांक ७ मिनिटे ५२.११ सेकंदांवर नेला. साबळेचा वेग धरला तर हे अंतर शंभर मीटरांहून थोडे अधिकच भरते. साबळे एकटा धावला, घड्याळाशी धावला. २०२५ मध्ये मोनॅको येथे त्याचा गुडघा दुखावला, तेव्हा मागे वळून पाहावे तर दुसरे नाव चटकन सुचेना.

स्त्रियांच्या स्टीपलचेसमध्ये मात्र आपल्याकडेही हॅग-अँडरसनची जोडी झाली. २०१६ च्या एप्रिलमध्ये साताऱ्याकडच्या मोही गावच्या ललिता बाबरने ९ मिनिटे २७.०९ सेकंद नोंदविले. मे महिन्यात उत्तर प्रदेशच्या सुधा सिंगने शांघाय येथे ते ९:२६.५५ वर आणले. ऑगस्टमध्ये रिओ येथे ललिताने एकदम ९:१९.७६ वर झेप घेतली आणि अंतिम फेरी गाठली. एका वर्षात जे झाले ते एकटीने झाले नसते. पुढे २०२३ साली पारुल चौधरीने हाही आकडा मागे टाकला. ललिताला वाईट वाटले असेल का? मला तरी बरे वाटले.

आमच्या जिल्ह्याचेही सांगायला हवे. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत नाशिकला विजेंदर सिंगांच्या हाताखाली तयार झाली आणि २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीतले मिल्खासिंगांच्या १९५८ च्या सुवर्णपदकानंतरचे ते भारताचे पहिले पदक. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ती ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत दुसरी आली. तिच्या एकच सेकंद पुढे होती ती आपलीच प्रीजा श्रीधरन. एका सेकंदात दोघी भारतीय! तो दिवस मी विसरलेलो नाही.

एव्हाना उजाडले होते. मी म्हटले, "अरे, भारतात कोणता उच्चांक मोडेल म्हणशील तर माझा डोळा स्टीपलचेसवर आहे. आठ मिनिटांच्या आत कोणीतरी येईल. तो आष्टीचाच असेल असे मात्र नाही."

त्याने थोडा विचार केला. "पण सर, पाण्याचा खड्डा कुठं मिळायचा येवल्यात?"

मला उत्तर सुचेना. त्यालाच सुचले. "पालखेडचं आवर्तन सुटलं की चाऱ्या भरत्यातच की," तो म्हणाला आणि पुढे गेलेल्या मुलांना गाठायला पळाला.