भुयारी गटार : डोक्यावरचे ओझे उतरले, तेव्हा

१/ नाशिकच्या इंदिरानगरात चालताना रस्त्यावरच्या गोल झाकणांकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्या झाकणांखालची व्यवस्था मात्र पाऊणशे वर्षांपूर्वी राज्यातील बहुतेक घरांच्या वाट्याला आलेली नव्हती.

२/ तेव्हा घराच्या मागे टोपलीचा संडास असे. पहाटे सफाई कामगार मागच्या बोळातून येत, मैला टोपलीत भरत आणि ती टोपली डोक्यावरून वाहून नेत. हे काम जातीने ठरलेले होते. पावसाळ्यात टोपली गळत असे, ती चेहऱ्यावर आणि अंगावर.

३/ १९४९ मध्ये मुंबई सरकारने या कामगारांच्या जीवनमानाची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. नाशिक तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. समितीचा अहवाल १९५२ मध्ये आला.

४/ डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत थांबावी, हातगाड्या आणि योग्य अवजारे मिळावीत, असा समितीचा आग्रह होता. १९५५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने तिच्या प्रमुख शिफारशी सर्व राज्यांना कळवल्या. पण गाडी आली तरी मैला भरणारे हात तेच राहणार होते. हात सोडवायचे, तर मैला जमिनीखालून वाहायला हवा होता.

५/ त्यासाठी आधी पाणी हवे. नळाचे भरपूर पाणी नसेल, तर गटार तुंबते. मुंबईसाठी १९५० च्या दशकात वैतरणेवर धरण उभे राहिले. अभियंता मोडक यांच्या नावाने तो जलाशय ‘मोडकसागर’ म्हणून ओळखला जातो. वैतरणा उगम पावते ती नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांत.

६/ मग उतार हवा. सांडपाणी स्वतःच्या वजनाने वाहते. वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरपेक्षा कमी झाला, की गाळ तळाशी बसू लागतो. उतार राखायचा म्हणजे सपाट शहरात गटार पुढे पुढे खोल जाणार. फार खोल गेले, की पंपाने पाणी वर उचलावे लागते. मुंबईत वरळीचे लव्हग्रोव्ह केंद्र हे काम एकोणिसाव्या शतकापासून करत आले.

७/ दख्खनच्या काळ्या पाषाणात चर खणणे म्हणजे पहार, छिन्नी आणि सुरुंग. चर फार खोल जाई किंवा वर रेल्वे, इमारती असत, तेथे दोन बाजूंना विहिरीसारखे खड्डे घेऊन मधून बोगदा काढावा लागे.

८/ जुन्या मोठ्या गटारांचा छेद अंड्यासारखा, निमुळते टोक खाली. पाणी थोडे असले तरी ते अरुंद तळातून वेगाने वाहते. १८६० च्या दशकात लंडनमध्ये बॅझलजेट यांनी हाच आकार मोठ्या प्रमाणावर वापरला.

९/ आकार कितीही चांगला असला, तरी गटार कधी ना कधी तुंबतेच. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. प्रमाण वाढले, की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर करतो. उतरलेल्या माणसाला धोका कळत नाही. त्याला वाचवायला उतरणाराही अनेकदा परत येत नाही.

१०/ टोपली गेली, पण झाकण उघडून आत उतरणारे बहुधा त्याच समाजातले राहिले. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास बंदी केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्यास सांगितले. २०२३ मध्ये न्यायालयाने ही भरपाई ३० लाख केली.

११/ बर्वे समितीपुढचा प्रश्न ओझे डोक्यावरून कसे उतरवावे, हा होता. ते जमिनीखाली गेल्यावर त्यामागे माणूसही खाली जाणार नाही, याची व्यवस्था करणे मात्र अजून बाकी आहे.