बॅकअपची डिस्क खरोखर जोडलेली आहे का?

पैठण तालुक्यातील ७,८५५ एकरांचे बिडकीन औद्योगिक क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. आज अनेक कारखान्यांतील हजेरी, पगार आणि मालाच्या नोंदी सर्व्हरवर असतात. त्यांची दुसरी प्रत, म्हणजेच बॅकअप, सुरक्षित ठेवण्यासाठी स्वतंत्र डिस्क वापरली जाते. मात्र ती जोडण्यातील एका त्रुटीमुळे बॅकअप केवळ नावापुरता उरू शकतो.

लिनक्स प्रणालीत नवी डिस्क एखाद्या फोल्डरवर 'माउंट' करावी लागते. या जोडणीची नोंद 'एफएसटॅब' नावाच्या फाइलमध्ये सहा रकान्यांत केली जाते. सर्व्हर पुन्हा सुरू होताना डिस्कचे नाव बदलण्याची शक्यता असल्याने नावाऐवजी तिचा यूयूआयडी हा कायम क्रमांक लिहिणे श्रेयस्कर ठरते. 'नोफेल' हा पर्याय दिल्यास डिस्क सापडली नाही तरी सर्व्हर सुरू होतो.

खरा धोका येथेच आहे. डिस्क जोडली गेली नसली, तरी तिच्यासाठीचा रिकामा फोल्डर मुख्य डिस्कवर असतोच. बॅकअपचा प्रोग्राम त्यातच प्रती लिहीत राहतो आणि चूक दाखवीत नाही. कालांतराने मुख्य डिस्क भरून सर्व्हरचे काम थांबते. ती निकामी झाल्यास मूळ माहिती व प्रत दोन्ही एकाच वेळी नष्ट होतात.

यावर उपाय सोपे आहेत. प्रत घेण्यापूर्वी 'माउंटपॉइंट' या आज्ञेने जोडणी तपासावी आणि ती नसल्यास काम थांबवून सूचना पाठवावी. डिस्क जोडलेली नसताना रिकाम्या फोल्डरला 'चॅटर' आज्ञेने कुलूप लावल्यास त्यात काहीही लिहिता येत नाही. 'नोएक्झेक' पर्यायामुळे बॅकअपच्या डिस्कवरील प्रोग्राम थेट चालविता येत नाहीत. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतो; म्हणून काम संपताच ती 'अनमाउंट' करावी.

एक प्रत मात्र दुसऱ्या इमारतीत हवीच. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य कागदपत्रे जळाली. अशा आगीत एकाच खोलीतील सर्व्हर आणि त्याची डिस्क दोन्ही सापडतील. शिवाय ठरावीक काळाने प्रतीतून माहिती परत मिळवून पाहावी. परत मिळते, तोच खरा बॅकअप.