आमच्या दिंडीच्या आक्का



शताब्दीच्या या पुस्तकात दिंडीचे विणेकरी, चोपदार, पखवाजी आणि पंगत देणारे यांची नावं छापली आहेत. जुन्या वह्यांतून ती उतरून घेताना ध्यानात आलं, की आक्कांचं नाव एकाही वहीत नाही. कारण आक्का पायी वारीला कधी गेल्याच नाहीत, आणि वही चालणाऱ्यांची. ही चूक आमची. म्हणून हा लेख.

पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. आमची दिंडी खटाव आणि खानापूर तालुक्यांच्या शिवेवरची. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला, पुढं त्याचं नाव सांगली झालं. पण शिवेच्या दोन्ही अंगाचे टाळकरी एकाच विण्यामागं चालत राहिले.

मुलूख कोरडवाहू. 1972 च्या दुष्काळात लोकांनी जनावरं विकली. आक्का दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायच्या आणि कृष्णाकाठचं उसाचं वाढं विकत घेऊन एक म्हस जगवायच्या. तिच्याच वेतांवर पुढं गोठा वाढला. देशात दूध महापूर योजना 1970 ला सुरू झाली होती, हळूहळू आमच्याकडंही डेअरी आली. सकाळ-संध्याकाळ किटली, फॅट बघायची, दहा दिवसांनी बिल. धार आक्का काढायच्या, पासबुक मालकांच्या नावावर. घरोघरी असंच होतं.

वारी म्हणजे तीन आठवडे घर सोडायचं. पण म्हस रोज दोन वेळा पिळावीच लागते. धार चुकली की कास दगडावाणी होते, सड सुजतात. म्हणून पुरुष वारीला आणि बाया गोठ्यात. आक्का गल्लीतल्या बायांना म्हणाल्या, "तुम्ही जावा, जनावरं मी बघते."

पण म्हस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. म्हणून दिंडी निघायच्या पंधरा दिवस आधीपासून आक्का त्या त्या गोठ्यात जायच्या. स्वतः आंबवण ठेवायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या, घरच्या बाईचं लुगडं अंगावर घ्यायच्या. दोन म्हशींनी सुरुवात झाली, ती अकरावर गेली. दूध ज्याच्या त्याच्या नावावर डेअरीला. बाया काला घेऊन परतल्या की हिशेब लिटरासकट तोंडपाठ.

आम्ही एकदा म्हणालो, "आक्का, एकदा तरी चला की."

त्या लांब शिंगांच्या म्हशीला थोपटत म्हणाल्या, "ही पंढरपुरी म्हस हाय. पंढरपूर माझ्या दावणीलाच बांधलंय. देवाला सांगा, धार काढून झाली की येते." आम्ही हसलो.

2020 साली पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या आणि आम्ही घरी रडत बसलो. एकादशीच्या पहाटे आक्कांच्या गोठ्यावरनं जाताना धारेचा आवाज आला, आणि त्या आवाजावर हरिपाठ चालला होता. आम्ही एका वर्षानं कासावीस झालो. ही माउली चाळीस वर्षं अशी घरी राहिली होती.

कीर्तनात पुंडलिकाची कथा आम्ही किती वेळा सांगितली. आईबापाची सेवा अर्धी टाकून तो उठला नाही, देवाला विटेवर थांबवलं. ते सांगणाऱ्या आम्हाला शेजारच्या गोठ्यातला पुंडलिक दिसला नाही.

आक्का मागल्या कार्तिकात गेल्या. त्यानंतरच्या आषाढीला गल्लीतल्या चार बाया दिंडीत दिसल्या नाहीत. आक्कांचं काम केवढं होतं, ते त्या चार रिकाम्या जागांनी दाखवलं.

आता दिंडीनं ठरवलंय, दरवर्षी दोन टाळकरी पाळीनं घरी राहून जनावरं बघतील, आणि त्यांची नावं वहीत चालणाऱ्यांच्या बरोबरीनं लागतील. पहिली पाळी आम्ही घेतली आहे. ओळख व्हावी म्हणून आतापासूनच गोठ्यात जातो. एका म्हशीनं लाथ मारली, दुसरीनं पान्हा चोरला. लुगडं अंगावर घ्यायची वेळ आली तर तेही घेऊ.

वहीच्या पहिल्या पानावर मात्र आक्काच.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.