वरातीपुढचे अनामिक

कराडच्या परिसरात लग्नसराई सुरू झाली की सायंकाळी कुठून तरी कॉर्नेटचा स्वर कानी येतो. परण्या निघालेला असतो. घरातील मुलेच काय, मोठी माणसेही ओट्यावर येऊन उभी राहतात आणि बँड पुढे निघून जातो. बँड कोणता होता असे मागाहून विचारले, तर मोठ्या ढोलावर रंगवलेले नाव एखाद्याला आठवते. वाजविणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कुणाला ठाऊक नसते. नामवंत गवयांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. ज्यांचे वादन आपण आयुष्यात सर्वाधिक वेळा ऐकले, त्यांची मात्र आपल्याला ओळख नाही. या अनामिकांच्या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या चर्चमधील गायनमंचापर्यंत पोहोचतो, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सातारा-सांगली भागात पितळी वाद्ये येण्यापूर्वी मंगलकार्याचे वादन प्रामुख्याने होलार समाजाकडे होते. हलगी मातंग वस्तीतही घरोघर असे. कुस्तीच्या फडात आजही हलगी, घुमके आणि कैताळ यांचा तो त्रिकूट नाद घुमू लागला की मल्लांच्या दंडांत बळ येते. गावगाड्याचा न्याय मात्र विचित्र होता. सनईच्या सुराशिवाय अक्षता पडत नसत, पण तो सूर काढणाऱ्याला मांडवात इतरांच्या पंगतीला जागा नसे. देवाच्या पालखीपुढे चालणाऱ्याने देवळाच्या पायरीशी थांबायचे, हा रिवाज होता. ज्याच्यावाचून मंगल घडत नाही त्यालाच दूर ठेवायचे, ही रीत आपल्या देशात किती सहजपणे पाळली गेली!

इंग्रजी पलटणींबरोबर छावण्यांत लष्करी बँड आले. संस्थानिकांनी त्यांचे अनुकरण केले. लष्करात बँडमास्तर असलेल्या नादिर अली यांनी 1885 मध्ये मेरठ येथे पेढी काढली, आणि पुढे देशभरातील बँडांना पितळी वाद्ये पुरविणारे गाव म्हणून मेरठचे नाव झाले. फुंकीची आणि श्वासाची कमाई जुनीच असल्यामुळे सनईवाल्याच्या हाती क्लॅरिनेट सहज रुळले. ढोलताशाच्या शेजारी साइड ड्रम आला, युफोनियम आले आणि वाजंत्र्यांचा बँड झाला. लष्करी छापाचा, सोनेरी फितीचा कोट अंगावर चढला. कोटाने मान वाढेल अशी आशा असावी. ती फारशी फळली नाही.

येथे शेजारच्या मिरजेची आठवण होते. शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला आणि मिरजेच्या तंबोऱ्याने कीर्ती मिळविली. 2024 मध्ये तेथील सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही लाभले. तंबोरा दिवाणखान्यात बसला, बँड रस्त्यावर राहिला. एकाच्या कारागिराचे नाव विचारून घेतले जाते, दुसऱ्याला केवळ सुपारीची रक्कम विचारली जाते.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. गोव्यात धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकविण्याची परंपरा पोर्तुगीज काळापासून चालत आली. तेथील संगीतशिक्षकाला ‘मेस्त’ म्हणत. मिस्सेच्या गायनासाठी तयार झालेला हा कान पुढे पोटासाठीही उपयोगी पडला. गोव्यात रोजगार बेताचा, म्हणून ही मंडळी मुंबईला, लष्करी व पोलीस बँडांत, संस्थानिकांच्या पदरी आणि हॉटेलांच्या वाद्यवृंदांत पांगली. समुद्रमार्गे जाणारे बोटीने जात. रेल्वेने जाणाऱ्यांची वाट लोंढा, मिरज आणि पुणे अशी होती. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण होईपर्यंत गोव्याहून आगगाडीने मुंबईस निघालेला माणूस कराडवरूनच जाई. किती व्हायोलिने आणि किती ट्रंपेटे ओगलेवाडीच्या फलाटावरून न उतरता पुढे गेली असतील!

त्या मंडळींपैकी एक अंतोनियो शाविएर वाझ. जन्म 1916, गाव बार्देशातील हळदोणे. मुंबईत ते चिक चॉकलेट या नावाने ओळखले जात. आपला ‘म्युझिक मेकर्स’ हा बँड घेऊन ते ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवीत. अमेरिकन कृष्णवर्णीयांचे ते संगीत त्यांनी इतके आत्मसात केले होते की त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी त्यांना चित्रपटसंगीतात आपल्या साहाय्याला घेतले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे दुसरे. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 1958 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी भारतीय रागांवर आधारलेल्या रचना भल्यामोठ्या वाद्यवृंदाकडून सादर केल्या. सांगलीत बालपणीचा काही काळ घालविलेल्या लता मंगेशकर त्या वेळी गायल्या होत्या. ‘अमर अकबर अँथनी’ (1977) या चित्रपटातील नायकाचे नाव सर्वतोमुखी झाले. ते एका व्हायोलिनवादकाचे नाव आहे आणि शिष्याने गुरूला दिलेली ती मानवंदना आहे, हे कितीशा प्रेक्षकांना ठाऊक होते?

सुरावट संगीत दिग्दर्शकाची, पण ती कागदावर उतरविणे, कोणते वाद्य केव्हा बोलेल हे ठरविणे, मधले तुकडे भरणे ही कामे बहुधा या गोमंतकीय ख्रिस्ती वादकांकडे असत. तबकडीवर त्यांची नावे क्वचितच छापली गेली. ती तबकडी वाजत वाजत कराडला आली. येथील बँडमास्तराने ती कानांनी टिपली, वहीत सारेगम मांडून साथीदारांना शिकविली आणि कॉर्नेटवर वरातीत वाजविली. म्हणजे हळदोण्याच्या अनामिकाने फुंकलेला तुकडा कराडच्या अनामिकाने पुन्हा फुंकला. दोघांची भेट कधी झाली नाही. आम्हाला या साऱ्या इतिहासात याहून हृद्य असे काही आढळले नाही.

सातारा जिल्ह्यातील आणखी एका बँडचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत 1958 च्या सुमारास पाच विद्यार्थ्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत ते एल्व्हिस प्रिस्ले, क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवीत. पियानोवर बसणारा झांझिबारचा पारशी मुलगा फारुख बलसारा पुढे ‘क्वीन’ या बँडचा फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला माहीत झाला. ढोलांवरचा व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात सेनानी झाला. जग जिंकणाऱ्याचा पहिला बँड आपल्या डोंगरावर घडला, याचे कौतुक खुद्द आपल्या जिल्ह्यात बेताचेच आहे.

आज बँडांपुढे डीजेचे संकट उभे आहे. एका ट्रकवरचे ध्वनिवर्धक पंधरावीस माणसांची जागा घेतात. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकांबरोबर ढोल आणि ट्रंपेटही बंद केले, त्यामुळे रात्रीच्या वरातीची मिळकत बँडवाल्यांनाही सोडावी लागली. दोष भिंती हादरविणाऱ्यांचा अधिक. चटका मात्र फुंकणाऱ्यालाही बसला. धर्मग्रामाच्या सणाची किंवा घरच्या लग्नाची मिरवणूक ठरविताना वाचकांनी एकदा बँडवाल्यांच्या घरी जावे, म्हाताऱ्या मास्तरांना जुन्या वहीतील चाली वाजवायला सांगाव्यात आणि वाजविणाऱ्यांची नावे विचारून मिरवणुकीच्या पत्रिकेत छापावीत. पुण्याच्या गणेशविसर्जनात प्रभात आणि दरबार हे बँड ऐकण्यासाठी लोक मुद्दाम थांबतात. आपल्याकडेही असे थांबण्याजोगे वादक आहेत.

घरबसल्या आरंभ करावयाचा असेल, तर भगवानदादांचा ‘अलबेला’ (1951) पाहावा. संगीत सी. रामचंद्र यांचेच आहे. त्यातील एका नृत्यगीतात पडद्यावर दिसणारा वाद्यवृंद नटांचा नव्हे, खऱ्या वादकांचा आहे. झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेल्या त्या मंडळींत ट्रंपेट ओठाला लावून उभे आहेत ते चिक चॉकलेट.