चाकणचा बैल : उत्पन्न आणि आनंद यांची फारकत

माणसाला ज्यापासून खरे सुख लाभते त्याचा मोबदला भांडवलशाही देते काय, हा प्रश्न बहुधा तत्त्वचर्चेच्या पातळीवरच हाताळला जातो. त्याला इतिहासाची कसोटी लावावयाची झाल्यास चाकण परिसरातील बैलाचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे.

कारखाने येण्यापूर्वी चाकणचा लौकिक कांद्याच्या व जनावरांच्या बाजारासाठी होता. बैल नांगर ओढी, मोट ओढी, माल बाजारी नेई. आणि निमगावच्या खंडोबासारख्या जत्रेत त्याच दावणीचा एखादा बैल घाटात पळे. उत्पन्न व आनंद एकाच गोठ्यात नांदत होते.

1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. कालांतराने चाकणलगतच्या महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांच्या जमिनी उद्योगांकडे गेल्या. 1999 मध्ये बजाज ऑटोचा व 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना येथे सुरू झाला. उरलेल्या शेतीत ट्रॅक्टर आला. केवळ किफायतीचा हिशेब धरला तर बैल नाहीसा व्हावयास हवा होता. औताचा बैल नाहीसा होत गेलाही. शर्यतीचा खिलार मात्र टिकला. जमिनीचा मोबदला, पगार व खोल्यांचे भाडे यांतील पैसा त्याच्या खुराकाकडे वळला. काही सेकंदांच्या ‘बारी’साठी तो वर्षभर पोसला जातो, आणि मालकाला खरी ओढ असते ती ‘घाटाचा राजा’ या मानाची.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींना मनाई केली. त्यामुळे कारखान्यांचे उत्पादन अडले नाही, की कोणा कामगाराचा पगार घटला नाही. तरीही आंदोलने झाली, 2017 मध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला, 16 डिसेंबर 2021 रोजी सशर्त परवानगी मिळाली व 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. वेतनाच्या हिशेबात ज्या हानीची नोंदच झाली नव्हती, तिच्यासाठी माणसे साडेसात वर्षे झगडली, ही बाब अर्थपूर्ण आहे.

संपत्तीने सुख मिळते ही बऱ्याच अंशी फसगत आहे, परंतु तीच मानवी उद्योगाला चालना देते, असे ॲडम स्मिथने 1759 मध्येच नमूद केले होते. चाकणचा अनुभव याला एक पुस्ती जोडतो. येथे माणसे सर्वस्वी फसली नाहीत. मिळालेला पैसा त्यांनी आपल्या आनंदाकडे वळविला. तथापि पूर्वी जो आनंद कष्टाबरोबर येत असे तो आता विकत घ्यावा लागतो, आणि ज्याच्याजवळ विकावयास जमीन नव्हती त्याला तो परवडत नाही. शर्यतीच्या बक्षिसांत मोटारसायकली व ट्रॅक्टर आले, हेही या बदलाचेच चिन्ह होय.

अर्थात मालकाचे सुख हे बैलाचे सुख नव्हे. 2014 च्या निर्णयाचा आधार हाच होता. म्हणून आनंद हे काही निर्दोष माप मानता येत नाही. एवढे मात्र म्हणता येते की, भांडवलशाही मोबदला देते तो जे विकले जाते त्याचा. सुख त्यात आले तर योगायोगाने येते. एरवी त्याचा खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा असतो.