जिथे दोरी पोहोचत नाही : कुत्र्याला बक्षिसाने शिकवण्याचा इतिहास

१/१३
घरात कुत्र्याचे पिल्लू आले की दोन प्रकारचे सल्ले मिळतात. वडीलधारे म्हणतात, "वेळीच धाक दाखवा, नाहीतर डोक्यावर बसेल." तरुण मंडळी म्हणतात, "खाऊ देऊन शिकवा." पहिला सल्ला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचा आणि दुसरा आजकालच्या लाडांचा, असा आपला समज असतो. इतिहास मात्र निराळेच सांगतो. बक्षिसाने शिकवण्याचे तंत्र १९४३ सालीच हाती आले होते, पण ते घराघरांतल्या कुत्र्यांपर्यंत पोहोचायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. तीही थेट नव्हे. कबुतरे, कोंबड्या आणि डॉल्फिन यांच्या वाटेने. असे का झाले, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/१३
धाकाच्या पद्धतीला शास्त्राचे रूप दिले ते जर्मनीत. कोनराड मोस्ट हा पोलीस अधिकारी विसाव्या शतकाच्या आरंभी पोलिसी कुत्र्यांना शिकवू लागला. १९१० साली त्याने कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिले आणि ते अनेक दशके प्रमाण मानले गेले. मोस्ट अडाणी नव्हता. कृती आणि तिचा परिणाम यांच्यात क्षणाचेही अंतर पडू नये, हे त्याला नेमके उमगले होते. मात्र त्याच्या पद्धतीचा मुख्य आधार सक्ती हा होता : दोरीचा हिसका, छडी, काटेरी पट्टा. माणूस आणि कुत्रा यांच्यात एक वरचढ आणि दुसरा अंकित असलाच पाहिजे, हे त्याचे गृहीतक होते.

३/१३
त्याच काळात, पहिल्या महायुद्धात, इंग्लंडमध्ये एक वेगळा प्रयोग चालू होता. लेफ्टनंट कर्नल एडविन रिचर्डसन यांनी १९१७ साली शूबरीनेस येथे युद्धश्वानांची शाळा उभारली. तिथे निरोप पोहोचवणारे कुत्रे तयार होत. या कुत्र्याला तोफांच्या माऱ्यातून एकट्याने धावत आपल्या सांभाळणाऱ्याकडे परतायचे असे. वाटेत हिसका द्यायला दोरी नाही, दरडावायला माणूस नाही. म्हणून रिचर्डसन यांनी शिक्षा वर्ज्य मानली. चुकलेल्या कुत्र्याला पुन्हा शिकवावे, परतलेल्याला कौतुक आणि खाऊ द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. दोरी जिथे संपते तिथे बक्षीस सुरू होते. हे सूत्र लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

४/१३
इकडे प्रयोगशाळांत दोन धागे स्वतंत्रपणे विणले जात होते. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना पेटीत कोंडून, सुटकेची कळ त्या कशा शोधतात ते पाहिले. ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती पुन्हा घडते, हा त्यांचा निष्कर्ष. रशियात इव्हान पावलोव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल मिळाले. पुढे त्यांनी दाखवले, की अन्नाआधी दरवेळी एखादी खूण केली तर त्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. एका धाग्यात कृती आणि फळ, दुसऱ्यात खूण आणि अन्न. हे दोन्ही एकत्र गुंफले गेले तेव्हा आजच्या प्रशिक्षणाचा पाया पडला.

५/१३
ते घडले १९४३ साली, अमेरिकेतील मिनियापोलिस शहरातल्या एका पीठगिरणीच्या वरच्या मजल्यावर. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर तिथे कबुतरांकरवी बॉम्ब लक्ष्यावर नेण्याच्या युद्धकालीन प्रकल्पावर काम करत होते. एके दिवशी त्यांनी सहकाऱ्यांसह एका कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलायला शिकवायचे ठरवले. कबुतर चेंडू ढकलीपर्यंत थांबायचे म्हटले तर काहीच होईना. मग कबुतराने चेंडूकडे नुसते पाहिले तरी दाणा मिळू लागला. पुढे चेंडूजवळ गेल्यावर, नंतर चोच लागल्यावर. काही मिनिटांतच चेंडू खोक्याच्या भिंतींवर आदळू लागला. पूर्ण कृतीची वाट न पाहता तिच्या दिशेच्या प्रत्येक पावलाला बक्षीस देणे, म्हणजेच वर्तनाला टप्प्याटप्प्याने आकार देणे, हा तो शोध.

६/१३
या प्रकल्पावर स्किनर यांचे दोन विद्यार्थी होते : केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे दांपत्य. त्यांना या तंत्रात व्यवसाय दिसला. विद्यापीठ सोडून १९४७ साली त्यांनी प्राणी-प्रशिक्षणाची संस्था काढली. पहिली आशा अर्थातच कुत्र्यांच्या प्रशिक्षकांकडून होती. पण त्यांनी पाठ फिरवली. आमची पद्धत चालते आहे, मग प्राध्यापकी कशाला? तेव्हा ब्रेलँड कोंबड्यांकडे वळले. पशुखाद्याच्या जाहिरातीसाठी त्यांच्या शिकलेल्या कोंबड्या जत्रांतून खेळ करू लागल्या. पुढे १४० हून अधिक जातींच्या प्राण्यांना त्यांच्या संस्थेने शिकवले. ज्या प्राण्याशी माणसाची सर्वांत जुनी मैत्री, त्याच्याच अंगणात या तंत्राला प्रवेश मिळाला नाही!

७/१३
स्किनर यांनी मात्र थेट घरातल्या वाचकांना साद घातली. डिसेंबर १९५१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांनी प्राण्यांना घरी कसे शिकवावे यावर लेख लिहिला. कुत्र्याच्या योग्य हालचालीच्या नेमक्या क्षणी एक लहानसा आवाज करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. त्या आवाजासाठी त्यांनी सुचवलेले साधन म्हणजे पत्र्याचे खेळणे. आपल्या जत्रांत मिळणाऱ्या टिकटिक वाजणाऱ्या बेडकासारखे. १९५२ साली 'लुक' नियतकालिकाच्या छायाचित्रकारांपुढे त्यांनी अ‍ॅग्नेस नावाच्या डाल्मेशियन कुत्रीला सुमारे वीस मिनिटांत भिंतीशी उंच उडी मारायला शिकवले. खुणेसाठी वापरला होता कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा लखलखाट!

८/१३
तरीही प्रशिक्षकांची सवय बदलली नाही. महायुद्धातून परतलेल्या लष्करी प्रशिक्षकांनीच नागरी वर्ग चालवले आणि कवायतीची शिस्त दिवाणखान्यात आली. विल्यम कोहलर यांचे १९६२ सालचे पुस्तक गळ्यात आवळणाऱ्या साखळीवर आणि कडक शिक्षेवर भर देणारे होते. तेही अतिशय लोकप्रिय ठरले. या पद्धतीच्या समर्थकांना लांडग्यांचाही दाखला मिळाला. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांमधील वर्चस्वाच्या झुंजींचे वर्णन केले होते. त्यावरून लोकांनी ठरवून टाकले, की कुत्रा हा लांडग्याचा वंशज, म्हणून घरात मालकाने 'टोळीप्रमुख' व्हायलाच हवे.

९/१३
कोंडी फुटली ती समुद्रात. १९५५ साली ब्रेलँड यांनी फ्लोरिडात डॉल्फिनना शिकवण्याचे काम घेतले. १९६३ पासून हवाई बेटांवरील सी लाइफ पार्कमध्ये कॅरेन प्रायर याच तंत्राने डॉल्फिन शिकवू लागल्या. जरा विचार करा : डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही. त्याला हिसका देता येत नाही. रागावलात तर तो पाण्याच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो आणि तुम्ही काठावर उभे राहता. हाती उरतात फक्त शिटी आणि मासळीची बादली. शूबरीनेसच्या निरोप्या कुत्र्याबाबत जे घडले तेच इथे घडले. सक्तीचा मार्ग बंद झाला, तेव्हाच माणसाची कल्पकता जागी झाली.

१०/१३
प्रायर यांनी १९८४ साली लिहिलेले 'डोंट शूट द डॉग' हे पुस्तक खरे तर कुत्र्यांपुरते नव्हते. मुले, सहकारी, जोडीदार अशा साऱ्यांशी वागण्याचे ते शास्त्र होते. पण ते उचलले कुत्रा पाळणाऱ्यांनी. १९९२ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात प्रायर आणि प्रशिक्षक गॅरी विल्क्स यांनी कुत्र्यांच्या प्रशिक्षकांसमोर हे तंत्र मांडले. डॉल्फिनच्या शिटीची जागा हातातल्या टिकटिक करणाऱ्या क्लिकरने घेतली. स्किनर यांचा पत्र्याचा बेडूक चाळीस वर्षांनी कुत्र्याकडे परतला.

११/१३
लांडग्यांचा दाखलाही पुढे टिकला नाही. डेव्हिड मेक यांनी १९७० साली लांडग्यांवर लिहिलेल्या ग्रंथामुळे टोळीप्रमुखाची कल्पना दूरवर पसरली होती. त्यांनीच पुढे कॅनडाच्या एल्झमीर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे निरीक्षण केले आणि १९९९ साली आपले मत बदलून लिहिले : रानातली टोळी म्हणजे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले. झुंजून पद मिळवणारा प्रमुख हे अनोळखी लांडग्यांना एकत्र कोंडल्यामुळे दिसलेले चित्र होते. २०२० साली पोर्तुगालमधील संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांमध्ये ताणाच्या खुणा अधिक आढळल्या. प्रशिक्षणानंतर कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरकही वाढलेले दिसले.

१२/१३
मग बक्षिसाने काहीही शिकवता येते का? नाही. हेही ब्रेलँड दांपत्यानेच प्रामाणिकपणे सांगितले. १९६१ सालच्या लेखात त्यांनी आपल्या फसलेल्या प्रयोगांची नोंद केली. लाकडी नाणे गल्ल्यात टाकायला शिकलेली डुकरे काही आठवड्यांनी ते नाकाडाने मातीत उकरत बसत, भूक लागलेली असली तरी. उपजत वृत्ती शिकवलेल्या कृतीवर मात करी. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही आपली म्हण इथे थोडी खरी ठरते. पण तिचा बोध असा घ्यावा : हुंगणे, उकरणे, चावणे हा पिल्लाचा गुन्हा नव्हे, स्वभाव आहे. तो मोडायचा नसतो; त्याला योग्य वाट द्यायची असते. चप्पल कुरतडणाऱ्या पिल्लाला चावायला हक्काचे खेळणे द्या आणि ते उचलताच शाबासकी द्या.

१३/१३
घरी सुरुवात करायची तर एवढे पुरे : पिल्लू आपणहून बसले की त्याच क्षणी खूण करा, लगेच घास द्या. चार-पाच मिनिटांचा धडा, तोही भुकेच्या वेळी. कृती पक्की झाली की मग तिला 'बस' हा शब्द जोडा. या साध्या धड्यामागे पीठगिरणीतले कबुतर आहे, जत्रेतली कोंबडी आहे, हवाईचा डॉल्फिन आहे. धाकाची पद्धत इतकी वर्षे टिकली, कारण कुत्र्याच्या गळ्यात दोरी होती आणि दोरीमुळे माणसाला विचार करण्याची गरजच पडली नाही. कुत्रा सहन करतो, परत येतो, शेपूट हलवतो; त्याच्या या क्षमाशीलतेलाच आपण आपल्या पद्धतीचे यश समजत आलो. दोरी रस्त्यावर त्याच्या सुरक्षिततेसाठी जरूर हातात असू द्या. शिकवताना मात्र ती नाहीच, असे समजून शिकवा.

तुमच्या ओळखीत कोणाच्या घरी नवे पिल्लू आले असेल, तर हा थ्रेड त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवा.